माहिती प्रणालींचा त्रिकोण आणि माझी कच्ची वही

जुना_लेजर | शनिवार, रात्री ९:१५

भाचीची मुलगी बीएमएसला, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीला आहे, पार्ल्यात. काल संध्याकाळी आली, पोहे खाल्ले आणि वही उघडून माझ्यापुढे एक त्रिकोण ठेवला. तळाला टीपीएस (रोजचे व्यवहार नोंदणारी प्रणाली), त्यावर एमआयएस (त्यांचे गोषवारे साहेबांना देणारी), त्यावर डीएसएस (निर्णयाला मदत करणारी), शेंड्यावर ईएसएस (सर्वांत वरच्या साहेबांसाठीची). बाजूला दोन चौकोन, एकात ऑफिस ऑटोमेशन आणि दुसऱ्यात नॉलेज सिस्टीम. म्हणाली, "आजोबा, तुम्ही अडतीस वर्षं बँकेत काढलीत. यातलं काय काय वापरलंत ते उदाहरणासकट सांगा. सोमवारी प्रेझेंटेशन आहे."

मी १९७९ साली मस्जिद बंदरच्या शाखेत क्लार्क म्हणून लागलो. तेव्हा कॉम्प्युटर दिसायचा तो फक्त युनियनच्या पत्रकात, आणि तोही शत्रू म्हणून. तेव्हा तिला म्हटलं, आधी कॉम्प्युटर बाजूला ठेव. रजिस्टर, टोकन आणि माणसं यांच्यावर चालत असली तरी ती प्रणालीच.

चेक काउंटरवर आला की पितळी टोकन द्यायचं. चेक लेजर क्लार्ककडे जायचा. तो खात्याचं पान काढायचा, शिल्लक बघायचा, रक्कम नावे टाकायचा. मग ऑफिसर सही ताडून चेक पास करायचा आणि कॅशियर टोकनचा नंबर पुकारायचा. ही तुझी टीपीएस, म्हणजे रोजचे व्यवहार नोंदणारी प्रणाली. संध्याकाळी डे बुक बसवायचं. जमा आणि नावे जुळल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. फरक आला की आधी तो नवाने भागून बघायचा. पूर्ण भाग गेला तर बहुतेक वेळा कोणीतरी शेजारचे दोन आकडे उलटे लिहिलेले असायचे, ५४२० च्या जागी ५२४०. फरक १८०. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही, शेजारच्या टेबलावरच्या सावंतवाडीच्या एका गृहस्थांनी शिकवलं. ते फरक शोधताना शीळ घालायचे आणि शीळ थांबली की आम्हाला कळायचं, सापडला.

एमआयएस म्हणजे आमचं शुक्रवारचं स्टेटमेंट. ठेवी किती, कर्जं किती, हातात रोकड किती. ते विभागीय कार्यालयात जायचं, तिथून मुख्य कार्यालयात. रिझर्व्ह बँकेकडे किती रोख राखीव ठेवायची हे बँकेच्या देण्यांवरून ठरतं, म्हणून हे आकडे ठरलेल्या शुक्रवारचेच ('रिपोर्टिंग फ्रायडे'चे) लागायचे, आधी दर आठवड्याला, नंतर पंधरवड्याला. कुठल्या खातेदाराने काय केलं याच्याशी त्या कागदाला देणंघेणं नाही. त्याला फक्त बेरजा हव्या असतात.

डीएसएस समजवायला मॅनेजरसाहेबांची केबिन उपयोगी पडली. सुक्यामेव्याचा व्यापारी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायला आला आहे. गोदामातल्या मालाचं स्टॉक स्टेटमेंट समोर, त्यातून उधारीवर आणलेला माल वजा, उरलेल्यातून मार्जिन वजा, राहिली ती उचल. दिवाळीआधी साठा दुप्पट दाखवलाय, तो खरा आहे का? भाव पडला तर काय? हे आकडे मांडून बघायला कागद-पेन्सिल पुरायची, पण उत्तर कागदावर येत नसे. ते साहेबांनाच द्यावं लागे.

पुढे यंत्रं आली. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन दिसू लागली. १९८६ पासून मुंबईत चेक यंत्रावर बँकवार वेगळे केले जाऊ लागले. चेकच्या तळाशी चुंबकीय शाईत छापलेला नऊ आकडी कोड असतो ना, त्यातले पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचे ४००, म्हणजे आपल्या पिनकोडचेच पहिले तीन. मग आख्खी शाखा कॉम्प्युटरवर गेली आणि शेवटी कोअर बँकिंग आलं, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एका मध्यवर्ती यंत्रणेवर. तेव्हा खातेदार शाखेचा राहिला नाही, बँकेचा झाला.

पोरीने सगळं लिहून घेतलं. मग मी सहज म्हटलं, या सगळ्या काळात माझ्या ड्रॉवरमध्ये निळ्या पुठ्ठ्याची एक कच्ची वही होती. एकाच नावाचे तीन खातेदार आहेत, त्यातला चष्मेवाला कुठला. अर्धांगवायूनंतर कोणाची सही बदलली आहे. कोणत्या पेढीचा चेक सोमवारी परत जातो आणि मंगळवारी वटतो. कोअर बँकिंग आल्यावर त्यात भर पडली, ती स्क्रीन अडकली की कुठल्या वाटेने बाहेर यायचं याची.

ती म्हणाली, "मग ही वही त्रिकोणात कुठे बसते?"

मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा.

---

पिव्होटराणी | शनिवार, रात्री ९:५२

काका, नमस्कार! मी एमआयएस एक्झिक्युटिव्ह, लोअर परळ. माझ्या हुद्द्यात एमआयएस आहे, पण हातात सिस्टीम नाही, एक्सेल आहे. मुंबईत नोकरीच्या जाहिरातीत 'एमआयएस येणे आवश्यक' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल. पुस्तकातला एमआयएस आणि 'अगं, एमआयएस पाठवलास का?' मधला एमआयएस हे फक्त नावाने भाऊ आहेत.

माझी सकाळ सांगते. साडेनऊला पोचायचं (ठाण्याहून, त्यामुळे 'पोचायचं' हा शब्द जरा सैल घ्या). बिलिंगची एक फाईल, गोदामाची एक, सेल्सवाल्यांच्या अॅपची एक. पहिलीत शहर 'मुंबई', दुसरीत 'बॉम्बे', तिसरीत 'एमयूएम'. हे तिन्ही एकच आहेत हे जगात फक्त माझ्या एका शीटला माहीत आहे. तिचं नाव 'मॅपिंग फायनल २ नवीन'. दहा वाजता मेल जातो. साहेब त्यातले दोन आकडे बघतात.

एकदा चुकून एक कॉलम महिनाभर रिकामा गेला. कोणी विचारलं नाही. मग मी तो काढूनच टाकला. तरीही कोणी विचारलं नाही. आता दर तिमाहीला एक कॉलम काढते. ह. घ्या.

तुमची वही म्हणजे माझी मॅपिंग शीट, काका. खण मलाही माहीत नाही.

---

रांगडा_डीबीए | शनिवार, रात्री १०:२०

धागा चांगला आहे, पण एक भर घालतो. काका म्हणतात कॉम्प्युटर बाजूला ठेवा, प्रणाली तीच. अर्धं बरोबर आहे. टीपीएस आणि बाकीचे यांच्यात यंत्राच्या पातळीवर खरा फरक असतो, तो फक्त साहेब आणि कारकून यांच्यातला नाही.

काउंटरवरच्या व्यवहाराला काय हवं? एका खात्यातून गेलेले पैसे दुसऱ्यात जमा झालेच पाहिजेत. अर्ध्या वाटेत वीज गेली तर दोन्ही नोंदी रद्द. मध्ये लोंबकळणं नाही. आणि हे सेकंदाच्या आत. एका वेळी एक-दोन ओळींना हात लावायचा, पण असे हजारो हात एकदम. साहेबांच्या प्रश्नाला याच्या उलट हवं असतं: गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्या ओळी वाचा, शाखावार, महिनावार बेरीज द्या. एकच माणूस विचारणार, पण आख्खं कपाट उपसणार. हा प्रश्न भर दुपारी चालू डेटाबेसवर सोडला की काउंटरवरची रांग रस्त्यावर येते. मी सोडलेला बघितला आहे. कोणी सोडला ते सांगत नाही.

म्हणून रात्री डेटा वेगळ्या कोठारात न्यायचा, साफ करायचा, बेरजेला सोयीचा मांडायचा. पहिल्याला ओएलटीपी म्हणतात, दुसऱ्याला ओएलएपी. हे दुसरं नाव १९९३ मध्ये एडगर कॉड यांनी रूढ केलं. १९७० मध्ये टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडली तेच हे कॉड.

@पिव्होटराणी, मॅपिंगची शीट एक्सेलमध्ये ठेवणं हे पाप आहे. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे सुमारे सोळा हजार रुग्ण आकडेवारीतून गळाले. प्रयोगशाळांच्या फाईली एक्सेलच्या जुन्या प्रकारात उघडल्या जात होत्या आणि त्या प्रकारात ६५,५३६ च्या पुढच्या ओळी मावत नाहीत. ओळी गेल्या, रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायला उशीर झाला.

---

पिव्होटराणी | शनिवार, रात्री १०:३१

पाप मान्य. पण तुमच्या आयटीकडे ती टेबल डेटाबेसमध्ये घ्या म्हणून मी टाकलेलं तिकीट चौदा महिने 'विचाराधीन' आहे. नव्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात, तोवर चालवते.

---

रांगडा_डीबीए | शनिवार, रात्री १०:३३

मी तुमच्या कंपनीत नाही हो.

---

पिव्होटराणी | शनिवार, रात्री १०:३४

सगळे असंच म्हणतात.

---

मरोळकर | रविवार, सकाळी ८:०५

मरोळ एमआयडीसीत स्टोअर्स आणि परचेस, सत्तावीस वर्षं. काकांच्या वहीबद्दल मला बोललंच पाहिजे, कारण आमच्याकडे अशाच एका वहीने कारखाना थांबवला होता.

आमच्याकडे ईआरपी बसवलं, म्हणजे कंपनीचे सगळे विभाग एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. हा शब्द १९९० मध्ये गार्टनर या सल्लागार कंपनीने आणला, पण मुळं जुनी. साठच्या दशकात जोसेफ ऑर्लिकी यांनी एमआरपीची (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, छापील किंमत नव्हे) पद्धत बांधली: किती पंप बनवायचे ते सांगा, मग कुठला बोल्ट कधी आणि किती मागवायचा ते यंत्र उलटं मोजत येईल. पुढे त्याला हिशेब जोडला, पगार जोडला, विक्री जोडली, आणि आख्खी कंपनी एका डेटाबेसवर आली. त्रिकोणात ईआरपी कुठे दाखवायचं हे पोरीला सांगा: तळापासून निम्म्याच्या वरपर्यंत, आडवा पसरून.

यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे तीन कागदांची जुळणी. परचेस ऑर्डरमध्ये शंभर मागवले, गेटवर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) ब्याण्णवची झाली, पार्टीचं बिल आलं शंभरचं. पूर्वी हे अकाउंट्समधल्या कोणाच्या तरी लक्षात यायचं किंवा यायचं नाही. आता बिल अडकतं. पार्टी फोन करते, चहाला बोलावते, बिल अडकलेलंच राहतं. टीपीएस म्हणजे नुसती नोंद नाही, ती आडवीसुद्धा येते.

आता वही. ईआरपी सुरू करायच्या आधी सगळ्या वस्तूंची यादी भरायची होती, आयटम मास्टर. तीन मुलांना बसवलं. एकाने लिहिलं 'बोल्ट एम ८', दुसऱ्याने 'एम-८ बोल्ट', तिसऱ्याने '८ एमएम बोल्ट'. तीन कोड झाले. नवीन खरेदी पहिल्या कोडवर, जुना साठा तिसऱ्यावर. एमआरपी बघते तर पहिल्या कोडवर शून्य, म्हणून ती दर महिन्याला नवे बोल्ट मागवते. फळीवर बोल्टचा डोंगर आणि पडद्यावर 'तुटवडा'.

आमचे स्टोअरकीपर काका, चिपळूणचे, त्यांच्या वहीत हे सगळं होतं: हा कोड म्हणजे तोच तो, अमुक रॅकला बघ. दोन वर्षं कोणाला पत्ता लागला नाही की यादी चुकली आहे, कारण काका वहीत बघून बरोबर माल काढून देत होते. मग गणपतीला काका दहा दिवस गावी गेले, वही घरी कपाटात कुलूपबंद. चौथ्या दिवशी लाईन थांबली. गावात रेंज नव्हती. शेवटी एक मुलगा रात्रीच्या एसटीने चिपळूणला गेला, काकांच्या घरी आरती चालू, आरतीनंतर काकांनी तोंडी सांगितलं, याने लिहून घेतलं.

त्यानंतर साहेबांनी वही जप्त करायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, जप्त करू नका, वाचा. पाच-सहा दिवस बसून वाचली. निम्म्या नोंदी चुकीच्या यादीमुळे होत्या, त्या यादी सुधारून संपल्या. काही नोंदींसाठी सिस्टीममध्ये रकानाच नव्हता, तो केला: 'जुना कोड', 'पर्यायी वस्तू'. उरल्या त्या माणसांबद्दल होत्या, अमुक पुरवठादार शनिवारी दिलेला शब्द पाळत नाही वगैरे. त्या तशाच राहू दिल्या.

जुना_लेजर काका, म्हणून माझं उत्तर असं: वही कुठल्याच खणात नाही. खण भरताना जे बाहेर सांडलं ते वहीत गेलं.

---

खिडकी४ | रविवार, सकाळी १०:४०

रेल्वे आरक्षणात होतो. संगणक यायच्या आधी प्रत्येक गाडीच्या प्रत्येक तारखेचं रजिस्टर असायचं. ते ज्याच्या टेबलावर, तोच तिकीट देणार. म्हणून गाडीप्रमाणे खिडक्या वेगळ्या. कोकणातलं तिकीट या रांगेत, दिल्लीचं त्या रांगेत, आणि परतीचं हवं असेल तर तिकडच्या स्टेशनला तार करा आणि उत्तराची वाट बघा.

१९८५ मध्ये दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं, मुंबई नंतर आली. पण तेव्हाही दिल्लीचा संगणक दिल्लीचा आणि मुंबईचा मुंबईचा. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं एकमेकांना जोडली गेली ती १९९९ मध्ये. मग कुठल्याही खिडकीवरून कुठूनही कुठलंही तिकीट. घरबसल्या तिकीट २००२ पासून.

लोक याला टीपीएस म्हणतात. बरोबर आहे, एक बर्थ दोघांना जाता कामा नये, एवढंच तिचं मुख्य काम. पण वेटिंग लिस्टकडे बघा. तीच यादी प्रवाशाला नशीब वाटते आणि वरच्या साहेबाला ती जादा डबा लावायचा की नाही ते सांगते. नोंद एकच, वाचणारे दोन.

आणि हो, आमच्याकडेही वही होती. स्टेशनांचे कोड पाठ होईपर्यंत प्रत्येकाची.

---

चहाबाज | रविवार, सकाळी ११:१५

अवांतर, पण रविवार आहे. धंद्याच्या कामाला लावलेला जगातला पहिला कॉम्प्युटर कोणाचा? बँकेचा नाही, विमा कंपनीचा नाही. इंग्लंडमधल्या लायन्स या चहाच्या दुकानवाल्या कंपनीचा. लिओ त्याचं नाव. १९५१ च्या नोव्हेंबरपासून तो त्यांच्या बेकरीतल्या मालाचा हिशेब करू लागला. पुढे दुकानांच्या ऑर्डरीही त्यावर गेल्या. दर वेळी आख्खी ऑर्डर कळवायची नाही, ठरलेल्या ऑर्डरीत काय बदल एवढंच दुकान सांभाळणाऱ्या बाईंनी फोनवर सांगायचं, लिओ उद्याचे पाव आणि केक किती लागतील ते काढणार. चहावाल्यांनी हे केलं याचा मला उगाच अभिमान वाटतो.

आपल्याकडे आयबीएमचं १४०१ पहिल्यांदा १९६१ मध्ये आलं ते मुंबईतच, एस्सो या तेल कंपनीत. त्याच सुमारास कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत आपण स्वतः बांधलेला टिफ्रॅक चालू होता, पण तो शास्त्रज्ञांचा, बिलं करणारा नव्हे.

---

भरती_ओहोटी | रविवार, दुपारी १:३०

डीएसएसची उदाहरणं सगळीकडे तीच असतात, कर्ज द्यावं की नाही, दुकान कुठे काढावं. मुंबईत बसून दुसरं उदाहरण दिसत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. खिडकीबाहेर बघा, जुलै आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण त्या दिवशी शहराकडे पडत असलेल्या पावसाचं तासातासाचं, वॉर्डावॉर्डाचं चित्रच नव्हतं. कुलाब्याला त्याच दिवशी शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. फोर्टमध्ये बसलेल्या माणसाने खिडकीतून बघून काय ठरवायचं? नंतर शहरभर आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापकं बसली. ती तळाची पायरी, नोंदी गोळा करणारी. त्यांचा रोजचा तक्ता म्हणजे एमआयएस.

२०२० च्या जूनमध्ये आयफ्लोज-मुंबई सुरू झालं, केंद्राचं पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांचं मिळून. त्याचे सात भाग आहेत आणि सातव्याचं नावच डिसिजन सपोर्ट सिस्टीम. पावसाचा अंदाज, जमिनीचा चढउतार, नाल्यांची क्षमता, नद्यांचा प्रवाह आणि भरती हे सगळं एकत्र घेऊन कुठे किती पाणी साचेल ते आधी सांगायचं. भरती फार महत्त्वाची. आपल्या बऱ्याचशा पर्जन्यवाहिन्यांची समुद्रातली तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. साडेचार मीटरची भरती आणि ढगफुटीसारखा पाऊस एकाच वेळी आले तर पाणी जायला वाटच नाही. दार उघडं ठेवलं तर समुद्र आत येतो, बंद केलं तर पाऊस आत तुंबतो. म्हणून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह वगैरे ठिकाणी पंपिंग स्टेशनं बांधावी लागली.

डीएसएस इथे काय करते? 'असं झालं तर?' हा प्रश्न दहा प्रकारे विचारू देते. पाऊस दोन तास लांबला तर? भरती उतरल्यावर पडला तर? पण शाळा सोडायच्या का, वस्ती हलवायची का, हे ती ठरवत नाही. शाळा सोडली आणि ऊन पडलं तर शिव्या खाणारा माणूस असतो, मॉडेल नाही.

---

डोंबिवलीचे_सर | रविवार, दुपारी ४:१०

निवृत्त प्राध्यापक, हाच विषय शिकवायचो. त्रिकोण आला कुठून ते कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो.

१९६५ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट अँथनी यांनी संस्थेतल्या कामाचे तीन थर पाडले: दूरचं ठरवणं, मधल्या पातळीचं नियंत्रण, रोजचं काम. त्यांच्या मनात कॉम्प्युटरचे प्रकार नव्हते. हर्बर्ट सायमन यांनी निर्णयांचे दोन टोकांचे प्रकार आधीच मांडले होते, नियमाने सुटणारे आणि नियमाने न सुटणारे. १९७१ मध्ये एमआयटीचे गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी दोन्ही एकत्र जोडले आणि म्हणाले, नियमाने पूर्ण सुटतं ते यंत्रावर सोडा, जे अर्धवट सुटतं तिथे माणसाला यंत्राची मदत द्या. त्या मदतीला त्यांनी डिसिजन सपोर्ट सिस्टीम म्हटलं. म्हणजे मुळात हा नऊ चौकटींचा तक्ता होता. तीन थर उभे, निर्णयाचे तीन प्रकार आडवे. फळ्यावर काढायला त्रिकोण सोपा, म्हणून आमच्यासारख्यांनी तो त्रिकोण केला. अपराध कबूल.

तक्त्याचा फायदा असा की, सर्वांत खालच्या थरातही नियमाने न सुटणारे निर्णय असतात याला त्यात जागा आहे. जुना_लेजर यांच्या वहीतली बदललेली सही घ्या. चेक पास करायचा की नाही हा रोजच्या कामातला निर्णय, पण नियमाने तो परतच जायला हवा. तुम्ही पास केलात, कारण गृहस्थ समोर उभे होते आणि तुम्ही त्यांना वीस वर्षं ओळखत होतात. तळाचा थर, पण निर्णय मुरब्बी माणसाचा. त्रिकोणात हा खण दिसत नाही.

@पिव्होटराणी, तुमच्या रिकाम्या कॉलमला १९६७ मध्येच पाठिंबा मिळाला आहे. रसेल अॅकॉफ यांनी लिहिलं होतं की व्यवस्थापकाला माहिती कमी पडते हा गैरसमज आहे, त्याचा जीव नको त्या माहितीने गुदमरतो. लेखाच्या नावात त्यांनी 'इन्फर्मेशन'चं 'मिसइन्फर्मेशन' केलं होतं.

---

रांगडा_डीबीए | रविवार, संध्याकाळी ५:०२

सर, तक्ता पटला. पण 'नियमाने न सुटणारं' आता झपाट्याने कमी होतंय. सही ताडणं मशीन शिकतंय.

---

डोंबिवलीचे_सर | रविवार, संध्याकाळी ५:२०

शिकू दे. सत्तरच्या दशकात स्टॅनफर्डला मायसिन नावाची एक्स्पर्ट सिस्टीम होती. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कुठलं औषध द्यावं हे ती काहीशे नियमांवरून सांगायची, आणि चाचणीत तिचा सल्ला तज्ज्ञांच्या तोडीचा निघाला. तरी ती रुग्णांवर नेहमीच्या वापरात कधी आली नाही. चुकलं तर जबाबदार कोण हा प्रश्न तेव्हाच पुढे आला होता. भरती_ओहोटी यांच्या शाळेसारखाच.

---

त्रिकोणवाली | रविवार, रात्री ८:४५

नमस्कार! मीच ती भाचीची मुलगी. आजोबांनी लिंक पाठवली. सगळ्यांचे खूप आभार, पण मला आता आणखीनच भीती वाटतेय. प्रेझेंटेशन उद्या आहे, मॅडमना त्रिकोणच हवाय आणि माझ्याकडे सहा स्लाइड आहेत. ईएसएसची स्लाइड अजून रिकामी आहे, कारण त्यावर इथे कोणी बोललंच नाही!

---

मरोळकर | रविवार, रात्री ९:०५

बाळ, ईएसएस म्हणजे एमडीसाहेबांच्या केबिनमधला मोठा टीव्ही. बाहेरचे आकडे (डॉलर, कच्चा माल, स्पर्धकाचा भाव) आणि आतले आकडे एका पडद्यावर. हिरवा-पिवळा-लाल. लाल दिसला की आम्हाला बोलावतात. एक स्लाइड पुरे.

---

डोंबिवलीचे_सर | रविवार, रात्री ९:३०

मॅडमना त्रिकोणच द्यावा, मार्क त्याचेच आहेत. फक्त प्रत्येक थरावर एकच नोंद वर जाताना दाखव. एक चेक घे. खाली तो चेक, वर तो शुक्रवारच्या ठेवींच्या बेरजेत, त्याच्या वर मर्यादा वाढवायच्या हिशेबात. एकाच गोष्टीने सगळे थर बांधले की पाठ करावं लागत नाही.

---

त्रिकोणवाली | सोमवार, दुपारी ३:१०

झालं! चेकचं उदाहरण घेतलं. मॅडमनी 'रिपोर्टिंग फ्रायडे' म्हणजे काय ते मलाच विचारलं, सांगितलं. शेवटी एका मुलाने विचारलं की या सगळ्याच्या बाहेर काही असतं का, तेव्हा वहीबद्दलही बोलले. मॅडम म्हणाल्या सिलॅबसमध्ये नाही, पण पाच मिनिटं त्यांच्याच घरच्या दुकानाच्या वहीबद्दल बोलत होत्या.

आजोबा, ती निळी वही आहे कुठे? मला बघायची आहे.

---

जुना_लेजर | सोमवार, रात्री ८:२०

सर्वांचे आभार. मरोळकरांचं 'जप्त करू नका, वाचा' आणि सरांचा तळातला खण, दोन्ही मनाला लागले. आमच्याकडे कोणी वाचली नाही. अर्थात मीही कोणाला दाखवली नव्हती.

पोरी, २०१७ साली निवृत्त होताना वही माझ्या जागी आलेल्या मुलाला दिली. आज तुझं वाचून त्याला फोन केला. म्हणाला, "आहे ना सर, त्याच ड्रॉवरमध्ये." मला बरं वाटलं. विचारलं, उघडतोस का कधी? म्हणाला, "रोज उघडतो. शेवटच्या पानावर मी वायफायचा पासवर्ड लिहिलाय."

---

रांगडा_डीबीए | सोमवार, रात्री ८:२२

काका, त्या शाखेचं नाव इथे लिहू नका.